‘परमिशन डिनाइड’ म्हणजे डिस्क बाद नव्हे

जुनी सीडी संगणकात घातली, फोल्डरवर क्लिक केलं आणि पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ उमटलं, की निकाल तिथल्या तिथे लागतो. सीडी गेली. वीस-पंचवीस वर्षं झाली, आता कसली चालतेय? टाकून द्या. दुरुस्तीच्या दुकानात हेच सांगतात, संस्थेच्या कार्यालयात हेच ऐकू येतं, घरातला संगणक जाणणारा मुलगाही हेच म्हणतो. ज्यांना यापुढचं थोडं कळतं ते दुसरा सल्ला देतात : रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता व्हा, सगळ्याला ७७७ मारा, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा द्या, विषय संपला. या दोन्ही सल्ल्यांचा मला मनापासून राग आहे. पहिल्यामुळे धडधाकट डिस्क कचऱ्यात जाते. दुसऱ्यामुळे फायली हाती लागतात, पण त्यांच्याबद्दलची माहिती पुसली जाते. दोन्हींचं मूळ एकच आहे : संगणक नेमकं काय सांगतो आहे ते वाचायचंच नाही.

समोरच्यांचं म्हणणं आधी पूर्ण मांडतो. त्यांचे मुद्दे चार. एक, फाइल उघडत नाही म्हणजे डिस्क खराब झाली. दोन, खराब नसेल तर ज्यानं ती लिहिली त्यानं मुद्दाम बंद करून ठेवली आहे, तेव्हा आपण त्यात हात घालू नये. तीन, उघडायचीच असेल तर रूटचे अधिकार घेऊन सगळं मोकळं करावं, बारकावे बघत बसू नये. चार, एवढा खटाटोप करावा असं त्या डिस्कवर आहे तरी काय? हे चारही मुद्दे चुकीचे आहेत. एकेक घेऊ.

पहिला मुद्दा : डिस्क खराब झाली. लिनक्सवर जुनी डिस्क वाचताना मुख्यतः तीन वेगवेगळ्या तक्रारी समोर येतात आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. ‘इनपुट/आउटपुट एरर’ आली, तर ड्राइव्हला डिस्कचा तो भाग वाचता आलेला नाही. तिथे ओरखडा असेल, लिहिण्यायोग्य सीडीतला रंगद्रव्याचा थर विरला असेल, किंवा ड्राइव्हच थकलेला असेल. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ आली, तर तुम्ही डिस्कवर काही बदलायला गेलात आणि तिथे बदल होऊच शकत नाही. ‘परमिशन डिनाइड’चा प्रकार निराळा. लिनक्सच्या गाभ्यानं, म्हणजे कर्नलनं, डिस्कवरची त्या फाइलची नोंद वाचली, तिचा मालक कोण आणि कोणाला काय मुभा आहे ते पाहिलं, तुमचा वापरकर्ता क्रमांक त्याच्याशी ताडला आणि तो जुळला नाही म्हणून नकार दिला. नोंद वाचल्याशिवाय हा नकार देताच येत नाही. म्हणजे निदान ती नोंद तरी शाबूत आहे! फाइलमधला मजकूर शाबूत आहे की नाही हे या संदेशातून कळत नाही, हे खरं. पण तो खराब झाला आहे असंही त्यातून कुठे कळतं? मग डिस्क बाद ठरवण्याचा पुरावा कोणता?

यातच आणखी एक फसगत होते. फोल्डरच्या बाबतीत ‘वाचणं’ आणि ‘आत शिरणं’ या दोन वेगळ्या मुभा आहेत. वाचण्याची मुभा आहे आणि शिरण्याची नाही, अशा फोल्डरमधल्या फायलींची नावं दिसतात, पण एकही फाइल उघडत नाही. दोन्ही नसतील तर आत काहीच दिसत नाही. लोक ते बघतात आणि म्हणतात, यातलं सगळं उडालं. उडालेलं काहीच नसतं. फायली जागच्या जागी असतात.

दुसरा मुद्दा : ज्यानं लिहिली त्यानं मुद्दाम बंद केली. हे म्हणणाऱ्यांनी सीडीवर या परवानग्या मुळात आल्या कशा ते बघावं. सीडीवर फायली कशा मांडायच्या याचा पहिला सामाईक आराखडा १९८० च्या दशकाच्या मध्यावर ठरला. नेवाडातल्या टाहो सरोवराकाठच्या हाय सिएरा हॉटेलात कंपन्यांची माणसं जमली होती, म्हणून त्या आराखड्याला हाय सिएरा हेच नाव पडलं. त्यावरून १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे मानक आलं. कोणत्याही यंत्रावर डिस्क वाचता यावी हा त्याचा हेतू होता, म्हणून त्याची सर्वांत कडक पातळी फार तोकडी ठेवली : नाव आठ अक्षरांचं, पुढे तीन अक्षरांचा प्रत्यय, सगळी मोठी अक्षरं, फोल्डरात फोल्डर आठ पातळ्यांपर्यंत. युनिक्सवाल्यांना हे पुरेना. त्यांनी त्यावर रॉक रिज नावाची पुरवणी चढवली. हे नाव मेल ब्रूक्सच्या १९७४ च्या ‘ब्लेझिंग सॅडल्स’ या चित्रपटातल्या गावाचं. रॉक रिजमुळे प्रत्येक फाइलसोबत तिचं लांब नाव, मालकाचा क्रमांक, गटाचा क्रमांक आणि परवानग्या लिहिल्या जाऊ लागल्या. पुढे विंडोज ९५ च्या काळात मायक्रोसॉफ्टनं जोलिएट ही आपली पुरवणी आणली. तिच्यात ६४ अक्षरांपर्यंतची नावं मावतात, पण युनिक्सच्या मालकाची किंवा परवानग्यांची नोंद तिच्यात नाहीच.

आता लिनक्सवर सीडीचा आराखडा तयार करणारा एमकेआयएसओएफएस हा प्रोग्रॅम बघा. एरिक यंगडेल यांनी १९९३ मध्ये तो लिहायला घेतला. रॉक रिजसाठी त्यात दोन पर्याय होते, मोठा ‘आर’ आणि छोटा ‘आर’. मोठा ‘आर’ दिला की तुमच्या संगणकावरचे मालक आणि परवानग्या जशाच्या तशा डिस्कवर उतरत. छोटा ‘आर’ दिला की मालक शून्य क्रमांकाचा होई, वाचण्याची मुभा सगळ्यांना मिळे आणि लिहिण्याची मुभा काढून टाकली जाई. छोट्या ‘आर’चं कारण त्या प्रोग्रॅमच्या माहितीपुस्तिकेतच दिलं आहे : मालकाचे क्रमांक बहुधा लिहिणाऱ्याच्या यंत्रावरच उपयोगाचे असतात, वाचणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो. खुद्द अवजार बनवणाऱ्यांनी हे लिहून ठेवलं आहे. तरीही २००० च्या आसपास आपल्या होम फोल्डरची प्रत सीडीवर काढताना ज्यानं मोठा ‘आर’ दाबला, त्याच्या पत्रांवरची ६०० आणि फोल्डरांवरची ७०० ही, फक्त मालकाला मुभा देणारी परवानगी सीडीवर गेली. त्यानं कुलूप लावलं नव्हतं. एक अक्षर मोठं टंकलं होतं.

आणि तो मालक तरी आज कुठे आहे? त्या काळच्या रेड हॅटवर पहिल्या वापरकर्त्याला ५०० हा क्रमांक मिळायचा. डेबियनवर क्रमांक १००० पासून सुरू होत. फेडोरानंही २०११ मध्ये सोळाव्या आवृत्तीपासून सुरुवात १००० वर नेली. म्हणजे ज्या माणसानं ती सीडी लिहिली, तोच आज नवा संगणक घेऊन बसला, तरी संगणकाच्या लेखी तो १००० आणि फायलींचा मालक ५००. त्याला स्वतःचीच पत्रं नाकारली जातात! जुन्या भाडेकरूच्या नावाची पाटी दारावर राहून गेली म्हणून आजही घर त्याचंच आहे असं कोणी मानतं का?

हे कुलूप नाही याचा पुरावा हवा असेल तर तीच सीडी विंडोजच्या संगणकात घाला. विंडोज रॉक रिज वाचतच नाही. ते जोलिएट वाचतं, नाहीतर मूळ आयएसओ ९६६०, आणि सगळ्या फायली मुकाट उघडतात. लिनक्सलाही ‘नोरॉक’ हा पर्याय देऊन रॉक रिजकडे दुर्लक्ष करायला सांगता येतं. एका यंत्रावर बंद आणि शेजारच्या यंत्रावर उघडी, अशा गोष्टीला सुरक्षा म्हणायचं? खरी गोपनीयता कूटबद्ध करण्यातून येते. तिथे परवानगीचा प्रश्नच येत नाही, तिथे परवलीचा शब्द लागतो आणि तो नसेल तर विंडोजही काही करू शकत नाही. दुसऱ्याची खासगी डिस्क त्याला न विचारता उघडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ती कोणाची हे माणसांना विचारून ठरतं. डिस्कवरच्या ५०० या आकड्यावरून ठरत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत घातक, कारण तो जाणकारांच्या तोंडून येतो : रूट व्हा आणि ७७७ मारा. पहिली गोष्ट, परवानग्या बदलणारी सीएचमॉड ही आज्ञा डिस्कवर चालतच नाही. रूटनं केलं तरी ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ हेच उत्तर येतं. म्हणून हे लोक रूट होऊनच सगळं हार्डडिस्कवर उतरवून घेतात आणि मग ७७७ करतात. त्याचा परिणाम काय होतो? उतरवलेल्या फायलींचा मालक रूट होतो. ७७७ करायचं राहून गेलं, तर दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या माणसाला त्या फायलींत बदल करता येत नाहीत, काही उघडतही नाहीत. जी तक्रार सीडीवर होती ती आता हार्डडिस्कवर, आणि या वेळी ती आपण स्वतः निर्माण केलेली. ७७७ केलं, तर प्रत्येक फाइल कोणालाही बदलता येते, कोणालाही पुसता येते, आणि साधं पत्र किंवा छायाचित्रसुद्धा ‘चालवता येणारा प्रोग्रॅम’ म्हणून नोंदलं जातं. कोणती फाइल मूळ मालकानं खासगी ठेवली होती आणि कोणती खरोखर चालवायची होती, हे सांगणारी नोंद त्या प्रतीतून कायमची जाते. संस्थेच्या सामाईक संगणकावर वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार असा उघड्यावर टाकणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

बरं, योग्य रीतीनं करण्यात अवघड काय आहे? बरोबर मार्ग याहून लांबचा नाही. आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, घ्यायची. जीएनयू डीडीरेस्क्यू हे त्यासाठीचं भरवशाचं अवजार. ते सहज वाचता येणारा भाग आधी घेतं, अडणारा भाग नंतर पुन्हा पुन्हा वाचून बघतं, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे काम मध्येच थांबलं तरी पुढून सुरू करता येतं. प्रतिमा घेताना ड्राइव्हमधून डिस्कचे २,०४८ बाइटचे खंड थेट वाचले जातात. फाइलचा मालक कोण हे त्या वेळी कोणी विचारत नाही. लागते ती फक्त ड्राइव्ह वापरण्याची मुभा. बहुतेक लिनक्स संगणकांवर ड्राइव्हची फाइल ‘सीडीरॉम’ या गटाच्या ताब्यात असते. आपलं नाव त्या गटात घालायचं आणि बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायचं. ड्राइव्ह थेट उघडताना येणाऱ्या ‘परमिशन डिनाइड’चं कारण कित्येकदा एवढंच असतं आणि दोष मात्र डिस्कला दिला जातो.

प्रतिमा हाती आली की मूळ डिस्क पाकिटात ठेवून द्यावी. रॉक रिज, जोलिएट, मालक, परवानग्या, तारखा सगळं त्या प्रतिमेत जसंच्या तसं असतं. आयएसओइन्फो या अवजारानं तिच्यात कोणत्या पुरवण्या आहेत ते कळतं. मग ती प्रतिमा केवळ वाचण्यासाठी माउंट करायची, म्हणजे फोल्डरासारखी उघडण्यासाठी संगणकाला जोडायची, आणि माउंट करतानाच ‘यूआयडी’ आणि ‘जीआयडी’ या पर्यायांत आपला क्रमांक द्यायचा. ६०० आणि ७०० अशा परवानग्यांसाठी एवढं पुरतं, कारण आता मालक तुम्हीच. प्रतिमेतला एक बाइटही बदललेला नसतो. बदलते ती फक्त तुमच्या यंत्राची तिच्याकडे बघण्याची रीत.

इथे बरेच जण परवानगी ठरवणारा ‘मोड’ हा पर्याय देतात, तो लागू पडत नाही, आणि मग ‘लिनक्सचं काही खरं नाही’ म्हणून उठून जातात. माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की ‘मोड’ हा पर्याय रॉक रिज नसलेल्या डिस्कसाठी आहे. रॉक रिजच्या परवानग्या डावलायच्या असतील तर सोबत ‘ओव्हरराइडरॉकपर्म’ द्यावा लागतो. तो दिला, फायलींसाठी मोड ०४४४ आणि फोल्डरांसाठी डीमोड ०५५५ ठेवला, की मालकालाच मुभा नसलेल्या विचित्र डिस्कही उघडतात. ‘नोरॉक’ वापरूनही उघडतात, पण त्या डिस्कवर जोलिएट नसेल तर लांब नावं जातात आणि आठ अक्षरांची तुटकी नावं उरतात. म्हणून तो शेवटचा उपाय. यूडीएफ पद्धतीच्या डीव्हीडींवरही मालक आणि परवानग्या लिहिलेल्या असतात आणि त्यांनाही माउंट करताना मालक आणि मोड ठरवण्याचे पर्याय आहेत.

यानंतर फायली आपल्या नावानं, तारखा राखून हार्डडिस्कवर उतरवायच्या. डिस्कवरच्या फोल्डरांना लिहिण्याची मुभा नसेल, तर उतरवलेल्या फोल्डरातही नवी फाइल ठेवता येत नाही, जुनी पुसता येत नाही. त्यावर ७७७ कशाला? मालकाला वाचण्या-लिहिण्याची मुभा आणि मोठा ‘एक्स’, एवढं सीएचमॉडला सांगितलं की झालं. मोठा ‘एक्स’ फोल्डरांना शिरण्याची मुभा देतो, पण साध्या फायलींना प्रोग्रॅम बनवत नाही. ही सोय याच कामासाठी आहे. विंडोजवाल्यांनीही हसू नये. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये सीडीवरून कॉपी केलेल्या प्रत्येक फाइलवर ‘रीड-ओन्ली’ ही खूण चिकटून यायची, फाइल सेव्ह होत नसे आणि तेव्हाही लोक ‘फाइल खराब आहे’ म्हणत. ती खूण काढली की फाइल चालायची.

चौथा मुद्दा : त्या डिस्कवर आहे तरी काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी १९९५ ते २०१० हा काळ आठवावा. पेन ड्राइव्ह आधी नव्हतेच, आले तेव्हा महाग होते, इंटरनेट सावकाश चालायचं. जे जपून ठेवायचं ते लोक ७०० एमबीच्या सीडीवर आणि नंतर ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर लिहीत. डिजिटल कॅमेऱ्यानं काढलेली घरातली पहिली छायाचित्रं तिथे आहेत. आजोबांच्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण तिथे आहे. प्रबंधांची मूळ टाचणं, गावाच्या सर्वेक्षणांचे तक्ते, रुग्णालयातून मिळालेले स्कॅन तिथे आहेत. मराठीपुरतं बोलायचं तर त्या काळातली पुस्तकं, स्मरणिका आणि दिवाळी अंक श्रीलिपी, आयएसएम, एपीएस यांच्या फाँटांमध्ये जुळवले जात आणि छपाई झाली की त्या पानांची सीडी कपाटात जाई. छापलेली प्रत वाळवीनं खाल्ली, तर त्या मजकुराचा दुसरा पुरावा म्हणजे ती सीडी. ते फाँट युनिकोडचे नाहीत, त्यामुळे फाइल उघडल्यावरही मजकूर रूपांतरित करण्याचं काम बाकी राहतंच. पण फाइलच फेकून दिली तर रूपांतर कशाचं करणार? ‘सगळं क्लाउडवर आहे’ हे आज काढलेल्या छायाचित्रांबद्दल खरं असेल. २००२ मधलं छायाचित्र कोणीतरी सीडीतून काढून तिथे चढवल्याशिवाय क्लाउडवर पोचत नाही.

डिस्क कधीच खराब होत नाहीत, असं मी म्हणत नाही. सीडीचा परावर्तक थर लेबलच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. त्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वाईट. रंगद्रव्य उन्हानं आणि उष्णतेनं विरतं. वाचणारी यंत्रंही संपत चालली आहेत : ॲपलनं २००८ मध्येच मॅकबुक एअर ड्राइव्हशिवाय आणला आणि आज नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह शोधून सापडत नाही. पण या सगळ्यातून निष्कर्ष कोणता निघतो? डिस्कचं आयुष्य मोजकं असेल, तर ज्या डिस्क आजही वाचता येतात त्या आजच उतरवून घ्यायला हव्यात. ‘परमिशन डिनाइड’ सांगणारी डिस्क नेमकी याच गटातली आहे. तिच्यावरची नोंद आज वाचली जाते आहे. जिला सर्वांत आधी हात घालायचा, तीच आपण सर्वांत आधी फेकतो, हा उलटा न्याय मला सहन होत नाही.

म्हणून पुन्हा ठणकावून सांगतो. ‘परमिशन डिनाइड’ हा डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल नाही, आणि ते कुलूपही नाही. एका जुन्या यंत्रावरच्या जुन्या मालकाचा क्रमांक तुमच्या क्रमांकाशी जुळत नाही, एवढंच ते सांगतं. त्यावरचा उपाय वाचणाऱ्याच्या बाजूला करायचा असतो : आधी प्रतिमा, मग योग्य पर्यायांनी माउंट, मग आपल्या नावानं प्रत. ही तिन्ही कामं मोफत मिळणाऱ्या अवजारांनी होतात. ज्यांच्या ताब्यात संस्थांची, छापखान्यांची, ग्रंथालयांची आणि घरांची कपाटं आहेत, त्यांना माझी विनंती आहे. बाद ठरवलेल्या डिस्कचा गठ्ठा भंगारात देण्याआधी प्रत्येक डिस्क एकदा ड्राइव्हमध्ये घाला आणि पडद्यावर आलेला संदेश शेवटपर्यंत वाचा. ‘इनपुट/आउटपुट एरर’ आली तर डीडीरेस्क्यूला पुन्हा पुन्हा प्रयत्न करू द्या. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर ती डिस्क त्याच दिवशी उतरवून घ्या. जी डिस्क तुम्ही वाचलीच नाही, तिला खराब म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही.